मांडणे आणि लिहिणे : कप्तानाचे दालन आणि वारली भिंत

विज्ञानकथेतील अंतराळनौका हे संपूर्णपणे मनुष्यनिर्मित असे विश्व असते. श्वासाला लागणारी हवाही तेथे यंत्राने पुरविलेली असते. भिंती, दिवे, आसने आणि गणवेश ही सर्व एकाच साच्यातून काढलेली असतात. या एकसारखेपणातून एकच जागा बहुधा सुटलेली दिसते, ती म्हणजे कप्तानाचे खाजगी दालन. तेथे एखादे जुने पुस्तक असते, शिडाच्या जहाजाची प्रतिकृती असते, भिंतीवर तलवार असते किंवा मेजावर एखादे वाद्य ठेवलेले असते. कथानकाच्या दृष्टीने यांतील कोणतीही वस्तू अपरिहार्य नसते. तरीही अशा वस्तूंवाचून रंगविलेला कप्तान सहसा आढळत नाही.

या वस्तू तेथे कोणते कार्य करतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर केवळ सजावटीचा वाटतो. परंतु सजावट ही एक चिन्हव्यवस्था आहे असे मानल्यास तो भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हा डोंगराळ टापू या प्रश्नाच्या विवेचनास विशेष उपयोगी पडतो. त्याची कारणे दोन. एक तर तेथे एका संस्थानिकाचा राजवाडा आणि कुडाच्या भिंतींची वारली घरे ही एकाच मुलखात उभी आहेत. दुसरे असे की, घर शोभविण्याच्या दोन भिन्न रीतींसाठी तेथील बोलण्यात दोन भिन्न क्रियापदे जिवंत आहेत. ती म्हणजे मांडणे आणि लिहिणे.

१. दोन क्रियापदे

‘मांडणे’ या क्रियापदाचे मूळ संस्कृतातील ‘मंड्’ या शोभविण्याच्या अर्थाच्या धातूत आहे. ‘मंडन’ म्हणजे अलंकरण. राजस्थानात अंगणात काढल्या जाणाऱ्या आकृतींना ‘मांडणा’ म्हणतात, तोही याच कुळातील शब्द होय. मराठीत मात्र शोभेचा अर्थ मागे पडून रचनेचा अर्थ पुढे आला. दुकान मांडतात, डाव मांडतात, संसार मांडतात. गाऱ्हाणे आणि विचारही मांडतात. या सर्व प्रयोगांत दोन गोष्टी समान आहेत. जे मांडावयाचे ते आधीपासून हाताशी असते, आणि ते कोणाच्या तरी पुढे, पाहणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या समोर ठेवले जाते. जे मांडले जाते ते आवरताही येते.

‘लिहिणे’ याचा प्रवास निराळा आहे. ‘लिख्’ म्हणजे मुळात ओरखडणे, रेघ ओढणे. त्यातून चित्र काढणे हा अर्थ आला आणि अक्षरे काढणे हाही आला. संस्कृतात चित्रास ‘आलेख्य’ म्हणतात, आणि उषा-अनिरुद्धाच्या कथेत उषेपुढे राजपुत्रांची चित्रे काढणाऱ्या सखीचे नाव चित्रलेखा आहे. प्रमाण मराठीने पुढे या दोन अर्थांची वाटणी केली: अक्षरे लिहावयाची आणि चित्रे काढावयाची. वारली समाजात ही वाटणी पूर्ण झालेली नाही. लग्नाच्या वेळी भिंतीवर जो चौक रेखाटला जातो तो ‘लिहिला’ जातो, हा तेथील रूढ प्रयोग आहे. तो अपप्रयोग समजण्याचे कारण नाही. एक जुना अर्थ तेथे टिकून राहिला आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे तो सयुक्तिकही आहे.

२. पहिले दालन : कप्तान नेमो

विज्ञानकथेतील कप्तानाच्या दालनाचा मूळ नमुना आकाशात नसून समुद्राच्या पोटात आहे. जूल व्हर्नच्या १८७० मध्ये ग्रंथरूपाने पूर्ण झालेल्या पाणबुडीच्या कादंबरीत ‘नॉटिलस’ नौकेचा अधिपती नेमो याच्या दिवाणखान्याचे सविस्तर वर्णन येते. बारा हजार ग्रंथांचे ग्रंथालय, थोर चित्रकारांची चित्रे, एक मोठे ऑर्गन वाद्य, शिंपल्यांचा व मोत्यांचा संग्रह अशी ती समृद्ध मांडणी आहे. परंतु नेमोची स्वतःची झोपण्याची खोली याच्या अगदी उलट आहे. लोखंडी खाट, मेज आणि स्नानाचे मोजके साहित्य. एखाद्या संन्याशाच्या मठीसारखी ती दिसते. तिच्या भिंतीवर कोशियुस्को, ओकॉनेल, वॉशिंग्टन, लिंकन, जॉन ब्राउन आदींची चित्रे आहेत. राष्ट्रस्वातंत्र्यासाठी किंवा गुलामगिरीच्या उच्छेदासाठी झगडलेली ही माणसे होत. कादंबरीच्या अखेरीस याच खोलीत एका स्त्रीचे व दोन मुलांचे चित्र दिसते आणि नेमो त्यापुढे गुडघे टेकून रडतो. दिवाणखाना सांगतो की हा मनुष्य सुसंस्कृत आहे. खोली सांगते की याचे काहीतरी हिरावले गेले आहे.

या दालनाचा पुढील इतिहास भारतीय वाचकास विशेष लक्षणीय वाटेल. व्हर्नच्या मूळ योजनेत नेमो हा रशियन सत्तेने चिरडलेला पोलिश सरदार होता. प्रकाशक हेत्झेल याने त्यास हरकत घेतली, आणि पहिल्या कादंबरीत नेमोचे राष्ट्र गुप्तच राहिले. पुढे १८७४-७५ मधील ‘गूढ बेट’ या कादंबरीत तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर असल्याचे आणि १८५७ च्या उठावात तो लढल्याचे उघड होते. म्हणजे दालन आधी सजले, आणि त्यात राहणाऱ्यास देश नंतर मिळाला. म्हणूनच त्या विस्तृत मांडणीत बुंदेलखंडाची ठळक खूण सापडत नाही. भिंतीवरील वीरांत पोलंडचा कोशियुस्को आहे, १८५७ चा कोणीही नाही.

यावरून मांडणीविषयी एक सिद्धांत हाती लागतो. मांडलेल्या वस्तू मालकाविषयी विधाने करतात; आणि विधान म्हटले की ते खरे असेल, खोटे असेल किंवा अपुरे असेल. नेमोच्या भिंतीवरील विधान अपुरे आहे, हे दुसरी कादंबरी वाचल्यावरच कळते.

३. अंतराळातील मांडणी

फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ याने १९६४ मध्ये चिन्हशास्त्राची मूलतत्त्वे मांडताना वस्त्र व अन्न यांप्रमाणेच घरातील सामानाचाही विचार केला. सोस्यूरने भाषेसाठी कल्पिलेले दोन अक्ष तेथेही लागू पडतात. पलंग, कपाट व मेज एका खोलीत शेजारी येतात, तो अन्वयसंबंध. आणि पलंगाच्या जागी कोणत्या घडणीचा पलंग निवडावा, तो विकल्पसंबंध. वाक्यात शब्द जसा शेजाऱ्यामुळे आणि न निवडलेल्या पर्यायांमुळे अर्थ मिळवितो, तशीच खोलीतील वस्तूही मिळविते.

अंतराळनौकेत अन्वयसंबंध जवळजवळ गोठलेला असतो. खाट, मेज व पडदा कोठे असावयाचा हे नौकेच्या रचनेनेच ठरविलेले असते. त्यामुळे अर्थाचा सर्व भार एखाददुसऱ्या सुट्या वस्तूवर पडतो. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ या दूरदर्शन मालिकांच्या परंपरेत याची दोन उत्तम उदाहरणे मिळतात. १९९२ मधील एका भागात कप्तान पिकार्ड एका यंत्राच्या प्रभावाखाली सुमारे पंचवीस मिनिटे बेशुद्ध होतो. तेवढ्या अवधीत तो एका नष्ट झालेल्या ग्रहावरील माणसाचे संपूर्ण आयुष्य जगतो. तेथे त्याला बायको असते, मुले असतात, नातू असतो. जागा झाल्यावर त्याच्या हाती उरते ती त्या आयुष्यात तो वाजवीत असलेली बासरी. दुसरे उदाहरण सिस्को या अधिपतीचे. त्याच्या मेजावर बेसबॉलचा चेंडू असतो. १९९७ मधील एका भागात शत्रूच्या हाती आपले स्थानक सोपवून जाताना तो चेंडू मेजावरच ठेवून जातो. शत्रू तो उचलून पाहतो आणि समजतो की हा मनुष्य परत येणार आहे.

बासरीचा अर्थ भूतकाळाकडे आहे, चेंडूचा भविष्याकडे. परंतु दोहोंची जात एकच आहे. वस्तू सुटी आहे, एका व्यक्तीची आहे, आणि जे स्थळ आता हाताशी नाही त्याच्याविषयी ती बोलते. प्रत्यक्ष अंतराळ स्थानकांतही हेच दिसते. तेथील झोपण्याची जागा जेमतेम एका माणसापुरती, कपाटाएवढी असते. तरीही २००० साली सोडलेल्या ‘झ्वेझ्दा’ या रशियन विभागाच्या भिंतीवर गागारिनची छायाचित्रे व धार्मिक प्रतिमा वेळोवेळी लागलेल्या आहेत, आणि २००६ च्या मोहिमेत सुनीता विल्यम्स यांनी भगवद्गीता व गणेशमूर्ती बरोबर नेली होती. घरापासून दूर गेलेला मनुष्य घराचा एक तुकडा बरोबर नेतो, हे मांडणीचे मूलतत्त्व होय.

४. राजवाडा

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. महादेव कोळी समाजातील जयबा मुकणे हा या राज्याचा संस्थापक मानला जातो, आणि चौदाव्या शतकापासून ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत हे घराणे तेथे नांदले. शेवटचे अधिपती यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला जय विलास राजवाडा आजही जव्हारची ओळख आहे. त्याच्या वास्तूत पाश्चात्य व भारतीय रीतींचे मिश्रण आहे.

संस्थानिकांच्या दालनांची सर्वसाधारण रीत परिचित आहे. पूर्वजांची तैलचित्रे, शस्त्रे, शिकारीत मारलेल्या जनावरांची मुंडकी आणि विलायती घडणीचे सामान यांनी ती भरलेली असत. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात ही रीत आजही पाहता येते. चिन्ह म्हणून पाहिल्यास यातील प्रत्येक वस्तूचे एक विधान आहे: चित्र वंश सांगते, शस्त्र पराक्रम सांगते, मुंडके मुलखावरील हुकमत सांगते, खुर्ची नव्या काळाशी जुळवून घेतल्याचे सांगते. नेमोचा दिवाणखाना आणि संस्थानिकाचा दिवाणखाना यांचे व्याकरण एकच आहे, आणि याचे नवल वाटू नये. नेमो हाही अखेर राजपुत्रच ठरला. पुढील काळातील अंतराळनौकेचा कप्तान भिंतीवर जुनी तलवार किंवा जहाजाची प्रतिकृती लावतो, तेव्हा तो नकळत याच परंपरेतील वाक्य उच्चारीत असतो.

राजवाड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जय विलासचा उपयोग चित्रपटांच्या चित्रीकरणासाठीही झालेला आहे. अशा वेळी नेपथ्यकार तेथे दुसऱ्याच एखाद्या कल्पित मालकाचे सामान मांडू शकतो, आणि प्रेक्षकाला ते दालन त्या मालकाचे वाटते. मांडणी सुटी असल्याने ती बदलता येते. बदलता येत असल्याने तिने खोटेही बोलता येते. विज्ञानपटातील कप्तानाची ‘खाजगी’ वस्तूही अशीच नेपथ्यकाराने ठेवलेली असते.

५. भिंत

याच मुलखात वारली घराची भिंत अगदी निराळे व्याकरण पुढे करते. कारवीच्या किंवा बांबूच्या काटक्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गेरू अशी ती तयार होते. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, त्यात डिंक घालून पांढरा रंग करतात आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने तो लावतात. रोजच्या दिवसांत ही भिंत बहुधा कोरी असते. लग्न ठरले की तिच्यावर चौक लिहिला जातो.

चौक लिहिण्याचा अधिकार सवाशिणींचा. चौरसाच्या कडेने नक्षीच्या पट्ट्या येतात आणि मध्ये पालघाट ही सृष्टीची माता प्रकट होते. लगतच्या लहान चौकात पंचशिऱ्या हा पाच शिरांचा देव असतो. बाहेर झाडे, जनावरे, नाचणारी माणसे व लग्नाची मंडळी येतात. लग्नविधीतील गाणी धवलेरी गाते. चौकावाचून लग्न लागत नाही, ही येथील कळीची गोष्ट होय.

तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन याच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी भाषाशास्त्रास एक महत्त्वाचा भेद दिला. काही वाक्ये वस्तुस्थिती सांगतात. काही वाक्ये उच्चारली जाताच वस्तुस्थिती घडवितात. ‘पाऊस पडत आहे’ हे विधानवचन, ‘मी वचन देतो’ हे कृतिवचन. कृतिवचन खरे किंवा खोटे नसते. ते साधते किंवा फसते. ते साधावयाचे तर योग्य व्यक्ती, योग्य प्रसंग आणि मान्य रीत या तिन्ही गोष्टी लागतात.

हा भेद मांडणे व लिहिणे यांस तंतोतंत लागू पडतो. कप्तानाची बासरी आणि संस्थानिकाचे तैलचित्र ही विधानवचने होत. वारली चौक हे कृतिवचन होय. तो यजमानाची अभिरुची सांगत नाही, त्याचे आयुष्यही सांगत नाही. तो लग्न घडविणाऱ्या क्रियांपैकी एक आहे. म्हणूनच तो लिहिणारीला सवाशीण असावे लागते, प्रसंग लग्नाचा असावा लागतो आणि रीत ठरलेली असावी लागते. प्रसंग सरला की चौक पुसट होत गेला तरी त्याची खंत कोणी करीत नाही. दिलेले वचन वाऱ्यावर विरते, पण दिलेपण विरत नाही, तसेच हे आहे. ‘लिहिणे’ हा शब्द येथे सयुक्तिक ठरतो तो यामुळे. काढलेले चित्र पाहावयाचे असते. लिहिलेला दस्तऐवज अंमलात यावयाचा असतो.

या भागातील बोहाड्याचे मुखवटे दोन्ही रीतींच्या सीमेवर उभे आहेत. मुखवटा ही सुटी वस्तू आहे आणि काही सोंगे ठराविक घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आलेली असतात. तथापि मुखवटा जपला जातो तो घर शोभावे म्हणून नव्हे. सोंग नाचविण्याचे कर्तव्य त्याच्याबरोबर घरात आलेले असते. मालकी आहे, परंतु ती मानाची आहे, मांडणीची नाही.

६. भिंत सुटी होते

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलावंतांच्या प्रयत्नाने या भित्तिचित्रांकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले, आणि ती कागदावर व कापडावर येऊ लागली. शेजारच्या डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी पुरुष असूनही ही रीत हाती घेतली, विधीबाहेरचे विषय रंगविले आणि जगभर कीर्ती मिळविली. २०११ साली ते पद्मश्री झाले आणि २०१८ साली निवर्तले. २०१४ मध्ये वारली चित्रांस भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण लाभले.

या स्थित्यंतराने कलावंतांस उपजीविका आणि मान दिला, हे निर्विवाद आहे. भाषाशास्त्रीय दृष्टीने मात्र येथे एक प्रकारांतर घडले आहे. भिंतीवरचा चौक कृतिवचन होता. शहरातील दिवाणखान्यात चौकटीत टांगलेले वारली चित्र हे विधानवचन झाले आहे. आणि त्याचे विधान लिहिणारीविषयी नसून ते विकत घेणाऱ्याच्या अभिरुचीविषयी आहे. लिहिलेले आता मांडले जाऊ लागले आहे.

याच काळात या भागातील माणसेही आपल्या भिंतींपासून सुटी होत आली आहेत. खरिपाची कापणी आटोपल्यावर जव्हार व मोखाडा येथील अनेक कुटुंबे दरवर्षी वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर, ठाणे, भिवंडी व मुंबईच्या परिसरात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भट्टीवरील झोपडीत भांडी, अंथरूण आणि कपडे एवढेच सामान असते. कप्तानाच्या दालनाच्या निकषाने ही झोपडी वाचू गेल्यास ती मुकी ठरेल: बासरी नाही, चेंडू नाही, छायाचित्र नाही, म्हणजे स्मृती नाही आणि व्यक्तिमत्त्वही नाही. असे निष्कर्ष पाहणीच्या अहवालांतून निष्काळजीपणे निघू शकतात, आणि त्यांचा परिणाम माणसांविषयीच्या समजुतीवर होतो.

पाणिनीय व्याकरण या ठिकाणी सावध करते. त्या व्याकरणात लोप म्हणजे नुसता अभाव नव्हे. ज्या ठिकाणी काहीतरी येणे अपेक्षित असते तेथे ते न दिसणे, म्हणजे लोप. आणि न दिसणाऱ्या प्रत्ययाचेही कार्य होत राहते. वारली माणसाची शोभा हातात धरून नेण्याजोगी नसतेच. ती भिंत, प्रसंग, सवाशीण आणि धवलेरी यांच्या एकत्र येण्यात असते. त्यांपैकी काहीही भट्टीवर नसते. म्हणून झोपडीची कोरी भिंत हा अभाव नसून लोप आहे. तिचे कार्य गावी, पुढच्या लग्नात, व्हावयाचे असते.

७. उपसंहार

आतापर्यंतच्या विवेचनावरून कोणत्याही दालनाच्या अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत असे सुचते. येथील शोभा सुटी आहे की स्थळाला बांधलेली? ती काही सांगते की काही घडविते? आणि ती उभी करण्यास किती माणसे लागतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा तिसऱ्यात सामावतात. मांडणीस एक मनुष्य पुरतो. किंबहुना मांडणी ही एकट्या माणसाची कला आहे, आणि म्हणूनच एकाकी कप्तानाच्या कथेस ती इतकी अनुकूल ठरली आहे. लिहिण्यास मात्र अनेक माणसे लागतात.

विज्ञानकथेच्या लेखकासही यातून एक कूट प्रश्न मिळतो. समजा, एखाद्या कथेतील अंतराळनौकेची कप्तान मोखाड्याची वारली स्त्री आहे. तिच्या दालनाच्या भिंतीवर वारली चित्र टांगले की काम झाले, असे लेखकास वाटेल. परंतु ते चित्र शहरी दिवाणखान्याचे वाक्य बोलेल, तिचे नव्हे. तिची भिंत कोरीच ठेवावी लागेल. त्या भिंतीवर चौक उमटावयाचा असेल तर नौकेवर लग्न निघाले पाहिजे, पीठ कालवणाऱ्या सवाशिणी पाहिजेत आणि गाणारी धवलेरी पाहिजे. म्हणजेच नौकेवर केवळ कर्मचारी असून भागणार नाही; तेथे गाव वसलेले असले पाहिजे.